दिम्का मावशी दारात का थांबते

बिल्यानाला माणसांपेक्षा फुकटच्या वस्तूंची भीती जास्त. माणूस निदान तोंडानं सांगतो, त्याला काय हवंय ते. फुकटची वस्तू गप्प बसते आणि वसुलीला सावकाश येते, असं तिचं ठाम मत होतं. दोन घरं गमावल्यावर ते मत झालं होतं.

पहिल्या घरमालकिणीनं महिनाभर गरम सूप पाजलं आणि मग आपल्या टकल्या भाच्याचं स्थळ पुढे केलं. दुसरीनं गालिचा दिला, पडदे दिले, भिंतीला आरसा दिला, आणि एके दिवशी म्हणाली, खोली आता इतकी छान सजलीय तर उन्हाळी पाहुण्यांना देते म्हणते, तू दुसरीकडे बघ. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. बिल्याना पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली होती.

तिसरं घर डॅन्यूब नदीकाठच्या विदिन गावात मिळालं. काँक्रीटची जुनी इमारत, चौथा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि काचा लावून बंद केलेली बाल्कनी. त्या बाल्कनीवर तिचा जीव जडला. सकाळचं ऊन तिथं थेट टेबलावर यायचं आणि खुर्ची थोडी तिरकी केली की दोन इमारतींच्या फटीतून डॅन्यूबचा एक तुकडा दिसायचा. आठवडाभर ती लोणच्याच्या कारखान्यासाठी बरण्यांवरची लेबलं काढायची, म्हणजे लाल मिरची, हिरवी मिरची, मिरची टोमॅटोसह. शनिवार मात्र तिचा. दांडीच्या छोट्या भांड्यात कॉफी, भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांचा पुडा, एक जुनी रहस्यकथा, आणि वाचून डोळे दमले की जमिनीवर अंथरतात त्या मऊ लिनोलियमचा तुकडा घेऊन कोरीवकाम. कोरलं की शाई लावायची, वर कागद ठेवायचा, लाकडी चमच्याच्या पाठीनं घासायचा आणि हळूच उचलायचा. कागद उचलताना होणारा चरचर आवाज तिला पगारापेक्षा प्रिय होता. मैत्रिणींच्या पुस्तकांत आत चिकटवायला ती त्यांच्या नावाची इवलीशी चित्रं छापून द्यायची. कुणाला घुबड, कुणाला किटली.

वाचायचं वेड असं, की हातात पुस्तक नसेल तर औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही चालायचा. इमारतीच्या मुख्य दारावर मेलेल्यांचे कागद चिकटवलेले असायचे. फोटो, नाव, वय, घरच्यांच्या चार ओळी, आणि सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा नवा कागद. येता-जाता ती तेही वाचायची, आणि वाचताना कोणाचा मृत्यू संशयास्पद वाटतो ते मनात ठरवायची. रहस्यकथा माणसाला काय काय करायला लावतात!

घर होतं दिम्का मावशीचं. समोरासमोरची दोन्ही दारं तिचीच. एकात ती राहायची, दुसरं तिच्या मुलीचं, कालिनाचं. कालिना स्पेनमध्ये होती. त्यात कुणाला नवल वाटावं असं काही नव्हतं, कारण अर्धं विदिन स्पेनमध्ये होतं आणि उरलेलं इटलीत. ऑक्टोबरात बिल्याना घर बघायला गेली तेव्हा मावशीनं नोकरी विचारली नाही, लग्न विचारलं नाही, सिगारेट ओढतेस का हेही नाही.

"वाचतेस का?" एवढंच तिनं विचारलं.

"वाचते की. रहस्यकथा."

"आणि हातानं काही करतेस?"

"चित्रं काढते. कोरते. छापते."

मावशीनं किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. संशय खरं तर तिथंच यायला हवा होता. पण बाल्कनीत ऊन पडलं होतं आणि बिल्याना भाळली होती.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दार वाजलं. मावशी उभी. उंच, काळ्या स्वेटरातली, ओठ घट्ट मिटलेली बाई. हातात लोकरीचे जाड मोजे, लाल-पांढऱ्या नक्षीचे, दोऱ्यानं एकत्र बांधलेले.

"घे," ती म्हणाली.

"अगंबाई, मला? थँक्यू, मावशी!"

मावशी गेली नाही. उंबऱ्यापलीकडे उभी राहून बिल्यानाच्या तोंडाकडे बघत राहिली. अजून काही यायचंय आणि ते यायला उशीर होतोय, असं.

"खूप छान आहेत," बिल्याना म्हणाली.

मावशी अजून थांबली. मग मान खाली घालून आपल्या दारात शिरली. बिल्यानानं दार लावलं आणि मोजे टेबलावर टाकले. काय हवं होतं बाईला? आत बोलवायला? भाडं वाढवायचंय आणि तोंडातून निघत नाही? घातले मोजे की अडकलो, असं म्हणून तिनं ते एका खोक्यात टाकले आणि खोकं पलंगाखाली सारलं.

त्यानंतर हे चालूच राहिलं. कधी रंगीत पेन्सिलींचा पत्र्याचा डबा, कधी लोकरीची टोपी, कधी बिहीच्या फळांच्या मुरंब्याची बरणी. मग पुस्तकं. आणि दरवेळी तेच. "घे." "थँक्यू, मावशी." आणि मग ते थांबणं. बिल्यानानं वेगवेगळी उत्तरं देऊन बघितली. "कशाला उगीच त्रास घेतलात," "फार गोड आहात," एकदा तर "देव तुमचं भलं करो" असंही म्हणाली. त्यावेळी मावशीनं एकदम वर बघितलं, ओठ हलले, आणि पुन्हा मिटले.

"माझं नको," असं काहीसं पुटपुटत ती गेली.

आता सांगा, याचा अर्थ काय काढायचा?

बिल्यानानं पुस्तकं तपासली. शंभरेक रहस्यकथा वाचलेली मुलगी. ती पुस्तकं वाचत नाही, आधी तपासते. सगळ्या पुस्तकांत पहिल्या पानाचा वरचा कोपरा कात्रीनं कापलेला. तिथं मालकाचं नाव असतं. नाव कापलेलं पुस्तक म्हणजे चोरीचा माल, हे तिनं लगेच ठरवलं. मग वाटलं, ही एवढी म्हातारी बाई पेन्सिली आणि टोप्या चोरत कुठं हिंडेल? पण कुठंतरी पाणी मुरत होतं एवढं खरं. पुस्तकंही खोक्यात गेली. त्यातली दोन-तीन नेमकी तिला कधीची हवी होती. हात शिवशिवले, पण तिनं ती वाचली नाहीत.

मुरंबा आणि मावशीनं आणलेली बानित्सा, म्हणजे चीज घालून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, मात्र खोक्यात ठेवता येईना. ती पाचव्या मजल्यावरच्या वेस्काच्या पोटात गेली.

वेस्का म्हणजे इमारतीचं वर्तमानपत्र. चाळिशीची, घटस्फोटित, केस दर महिन्याला वेगळ्या रंगाचे. मार्चमध्ये ती बिल्यानाच्या बाल्कनीत पाय पसरून बसली, बानित्साचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबला आणि म्हणाली, "तू खात का नाहीस गं? विष घालते म्हातारी?"

"ताई, ती मला का देते? तू सांग. इथं कुणाला कधी काही दिलंय तिनं?"

"दिम्कानं? अगं, ती मिठाचा खडा मागितला तर दुकान किती वाजता उघडतं ते सांगते."

"मग?"

वेस्कानं बोटं चाटली आणि खुर्ची पुढे ओढली. असं खुर्ची ओढणं म्हणजे आता खरं-खोटं वेगळं करायचं काम ऐकणाऱ्याचं. "हे बघ, माझ्यावर जाऊ नकोस. पण कालिना येतेय परत. मला वाटतंच. गेल्या उन्हाळ्यापासून म्हातारी तिचं नाव काढत नाही. आधी काय? कालिनानं हे पाठवलं, कालिनानं ते पाठवलं, कान किटायचे. आता मी विचारलं, कालिना कशी आहे, तर म्हणते, बरी. नुसतं बरी! म्हणजे काहीतरी ठरलंय आणि लपवायचंय."

"आणि या वस्तू?"

"पोरीचं कपाट रिकामं करतेय, दुसरं काय. ती नवं घेऊन येणार तिकडून. आणि तुला गोड बोलून, खाऊ घालून, एक दिवस म्हणेल, पोरी, घर सोड. तू कशी नाही म्हणशील? तिचेच मोजे तुझ्या पायात!"

बिल्यानानं बाल्कनीकडे बघितलं. ओळीनं वाळत घातलेले छापलेले कागद, खिडकीतली तुळशीसारखी दिसणारी बेसिलची कुंडी, बियांची टरफलं. कापण्याआधी बकऱ्याला पाला घालतात, तो पाला ती ओळखून होती. तिसऱ्यांदा ती खाणार नव्हती.

"मी घातलेच नाहीत," ती म्हणाली.

"शहाणी आहेस," वेस्का म्हणाली आणि कॉफीचा पेला पुढे केला.

त्यानंतर बिल्यानाचे शनिवार नासले. पुस्तक उघडलं तरी कान जिन्याकडे. समोरचं दार वाजलं की हातातली कोरणी थांबायची. मावशी दिसली की ती तिच्या हाताकडे आधी बघायची आणि मग चेहऱ्याकडे. तिनं एक घुबड कोरायला घेतलं होतं, त्याचा डोळा तीनदा बिघडला. आपली जागा जाणार हे माहीत असतं पण कधी ते माहीत नसतं, तेव्हा माणूस असलेली जागाही धड भोगत नाही. तिला स्वतःचाच राग येत होता.

जूनमधल्या एका शनिवारी ती नदीकाठच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून परत आली तर दार लोटलेलं. आत मावशी. बाल्कनीत, टेबलापाशी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. खुर्चीवर पिवळा लोकरी स्वेटर घातलेला, बटणं लावलेली, बाह्या पुढे टेबलावर ठेवलेल्या.

"मावशी! तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

मावशी दचकली. "तू नव्हतीस. किल्ली होती माझ्याकडे. हा ठेवायला आले." मग हळूच, "घालशील ना?"

"जूनमध्ये?"

"संध्याकाळी नदीवरून वारा येतो." तिनं भिंतीवरून, खिडकीवरून नजर फिरवली. "इथला रंग उडालाय. एकदा लावून घ्यायला हवा."

आणि नेहमीसारखी थांबली. बिल्यानानं दार पूर्ण उघडून धरलं. या वेळी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. मावशी तिच्या अंगावरून निघून गेली आणि समोरचं दार लागल्याचा आवाज आला.

रंग! म्हणजे वेस्काचं खरं होतं. बिल्यानाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं पलंगाखालचं खोकं ओढलं, वर तो पिवळा स्वेटर फेकला, दोन्ही हातांनी खोकं उचललं आणि समोरच्या दारावर पायानं धक्का दिला.

मावशीनं दार उघडलं.

"हे घ्या तुमचं," बिल्याना म्हणाली आणि खोकं तिच्या पायाशी आदळलं. "सगळं आहे. बघून घ्या. खाण्याचं तेवढं राहिलं नाही, ते वेस्काताईनं खाल्लं."

मावशी खोक्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि मोजे उचलले. दोरा तसाच होता, तिनंच बांधलेली गाठ.

"तू हे घातलेच नाहीस?"

"नाही."

"टोपी?"

"टोपी नाही, पेन्सिली नाहीत, काही नाही. मी हातसुद्धा लावला नाही. मला सरळ सांगा ना, मावशी! कालिना येतेय, घर हवंय, असं सांगा. मी जाते. पण हे गोड बोलून गळ टाकणं नको. मला त्याचा वीट आलाय!"

"कोण येतंय?"

"कालिना!"

मावशी दाराबाहेर आली. ती भिंतीला धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, मोजे मांडीवर. बराच वेळ तिनं त्या गाठीवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे सगळा हिवाळा ती तशीच होती," ती म्हणाली. "अनवाणी. आणि मी इथं समजत होते, माझ्या लेकीचे पाय ऊबेत आहेत."

"कुठं होती? स्पेनमध्ये?" बिल्यानानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिचं तिलाच कळलं.

विदिनमधलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. मेलेल्याची वस्तू, मेलेल्याच्या नावानं शिजवलेलं अन्न कुणी हातावर ठेवलं तर थँक्यू म्हणायचं नसतं. 'देव त्याला क्षमा करो,' एवढंच म्हणायचं आणि ती वस्तू वापरायची. तू घातलेस तर त्याच्या पायांना ऊब, तू खाल्लंस तर त्याच्या तोंडी घास. नुसतं घेऊन ठेवलंस तर तिकडे काही पोचत नाही. बिल्यानानं स्वतः आजोबांच्या वेळी शेजाऱ्यांना शर्ट वाटले होते. पण इथं कोण गेलं होतं? खाली दारावर कालिनाचा कागद नव्हता. ज्याचा कागद लागला नाही तो मेला, असं या गावात कुणाच्या मनातही येत नाही.

म्हणून बाई दारात थांबत होती. एका वाक्यासाठी. ते तिनं तोंडानं मागितलं असतं तर सांगावं लागलं असतं, आणि सांगता येत नव्हतं. आणि आपण मात्र भाडं, चोरी, कालिनाचं परतणं, सगळं शोधून काढलं. शंभर रहस्यकथा वाचून हीच अक्कल! बिल्यानाला तिथल्या तिथं फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

"कधी, मावशी?"

"गेल्या ऑगस्टात. रक्ताचं काहीतरी. मला म्हणाली, साधा ताप आहे, तू येऊ नकोस एवढ्या लांब. मी ऐकलं तिचं." मावशीनं मान हलवली. "तिकडेच पुरलं. तिच्या मैत्रिणीनं मातीचा फोटो पाठवला."

"आणि इथं कुणालाच नाही सांगितलंत?"

"सांगितलं की कागद लावावा लागतो. रोज येता-जाता दारावर बघायचं तिला? मला नाही जमलं, पोरी. म्हटलं, कागद नाही लावत, पण उपाशी-उघडी तरी नको राहायला. तू तिच्याच वयाची. तिच्यासारखीच दिवसभर खिडकीत बसून वाचणारी, हात रंगवून घेणारी. म्हटलं, हिच्याकडून जाईल सगळं तिच्यापर्यंत. पुस्तकांवरचं नाव कापलं, कारण तू विचारलं असतंस." ती थांबली. "एकदा म्हणालीस, देव तुमचं भलं करो. मला वाटलं, आता म्हणेल. माझं भलं काय करायचंय?"

बिल्याना तिच्याशेजारी बसली. मांडीवरचे मोजे घेतले. गाठ घट्ट होती, ती सोडायला तिला दात लावावे लागले. चपला काढून तिनं ते जाड लोकरी मोजे घामेजलेल्या पायांत ओढले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

वरून वेस्का कचऱ्याची बादली घेऊन उतरली आणि दोघींच्या डोक्यापाशी अडकली. "हे काय गं? एवढ्या उकाड्यात मोजे? दिम्का, तुम्ही पोरीला भाजताय की काय?"

बिल्यानानं मागे वळून बघितलं नाही. "देव कालिनाला क्षमा करो," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली, जिन्यात घुमेल असं.

वेस्काच्या तोंडाचा चंबू तसाच राहिला. तिनं आधी बिल्यानाकडे बघितलं, मग मोज्यांकडे, मग मावशीकडे, आणि मावशी काही नाकारत नाही हे बघून बादली हळूच पायरीवर टेकवली.

"आणि मी ती बानित्सा..." ती म्हणाली. "सगळी मीच खाल्ली, दिम्का. मुरंबापण. देवा रे. एक शब्द न बोलता खाल्ली." तिनं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला. "देव क्षमा करो पोरीला. देव क्षमा करो."

"आवडला का मुरंबा?" मावशीनं विचारलं.

"साखर थोडी जास्त होती."

"तिला तसाच लागायचा," मावशी म्हणाली, आणि ऑगस्टापासून मिटलेलं तोंड पहिल्यांदा वेडंवाकडं झालं. वेस्का खालच्या पायरीवर बसली आणि तिनं मावशीचे दोन्ही गुडघे धरले.

मग मावशीनं नाक पुसलं आणि खोक्यात हात घालून चाचपत एक पुस्तक काढलं. काळं कव्हर, पाठ सुटत आलेली. तिनं ते मधोमध उघडलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"हे अर्धंच राहिलं तिचं," ती म्हणाली. "विमानात जड होतं म्हणून ठेवून गेली. म्हणाली, आई, तू वाचलंस तर खुनी कोण ते मला सांगायचं नाही हं, मी येऊन वाचीन." तिनं पुस्तक बिल्यानाच्या हातात दिलं. "तू वाच. इथून पुढचं."

बिल्यानानं पान सरळ केलं आणि दुमड पडली होती तिथून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, एकेक शब्द नीट. आधीचं काहीच तिला माहीत नव्हतं. कुणी तरी बागेतून घाईनं घरात आलं होतं आणि सगळे त्याच्या बुटांकडे बघत होते.

"कुणावर संशय आहे यात?" वेस्कानं कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही, ताई," बिल्याना म्हणाली आणि पान उलटलं.